इंटरेस्ट नसलेला माणूस

तीन वर्षांपूर्वीचा मार्च. अप्रेझलचा महिना. आमच्याकडे (कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, हिंजवडीतल्या कुठल्याही काचेच्या इमारतीत हेच घडतं) लीड आधी फॉर्ममध्ये चार ओळी लिहितो, त्या आपल्याला दिसतात आणि आठवड्याभराने रेटिंग येतं. माझ्याबद्दलच्या चार ओळींतली तिसरी अशी होती की डिझाइनच्या चर्चांमध्ये मी बऱ्याचदा 'डिसइंटरेस्टेड' असतो.

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकलो. इंग्रजी शब्द अडला की डिक्शनरी उघडायची सवय तेव्हापासूनची आहे. ज्यांना इंग्रजी 'येतं' ते अंदाजाने पुढे जातात, आम्ही उघडून बघतो. बघितलं. पहिला अर्थ होता, स्वतःचा हितसंबंध नसलेला, म्हणून निःपक्षपाती. मला फार बरं वाटलं. त्या तिमाहीत टीममध्ये दोन गट पडले होते. एकाला जुनी सिस्टीम मोडून तिच्या छोट्या छोट्या सर्व्हिसेस करायच्या होत्या, दुसऱ्याला आहे तीच नीट करायची होती, आणि मी दोन्हीकडचं ऐकून घेत होतो. लीडने ते हेरलं, असं मी समजलो. रात्री आईला फोनवर सांगितलं, "साहेबांनी लिहिलंय, मी कुणाची बाजू घेत नाही." आई म्हणाली, "चांगलंय की. पगार वाढवणारेत का पण?"

नाही वाढवला. रेटिंग खालून दुसरं आलं. मीटिंगमध्ये समोरासमोर बसल्यावर कळलं की लीडला म्हणायचं होतं, मी गप्प बसतो, माझं लक्ष नसतं, डोकं लॅपटॉपमध्ये असतं. म्हणजे 'अनइंटरेस्टेड'. एका उपसर्गाचा फरक. मी डिक्शनरी दाखवायला गेलो नाही, तेवढी अक्कल होती. आणि दाखवली असती तरी त्याच नोंदीत खाली दुसरा अर्थ छापलेला होता: रस नसलेला. म्हणजे लीडही बरोबर, मीही बरोबर, आणि पगारवाढ कुणालाच नाही.

तेव्हापासून हा शब्द माझ्या मागे लागला आहे. या लेखात मी त्याची समीक्षा करणार आहे. पुस्तकाची करतात तशीच, फक्त ऐवज एका विशेषणाएवढा.

सुरुवात 'इंटरेस्ट'पासून करू. मूळ लॅटिन. 'इंटर' म्हणजे मध्ये, 'एस्से' म्हणजे असणं. जे माझ्या आणि एखाद्या गोष्टीच्या मध्ये आहे, ज्याने मला फरक पडतो, ते इंटरेस्ट. इंग्रजीत याच एका शब्दावर तीन कामं लादली आहेत. बँकेत तो व्याज असतो, कोर्टात हितसंबंध असतो आणि गप्पांमध्ये आवड असतो. आमच्या धंद्यात एकाच व्हेरिएबलला तीन ठिकाणी तीन अर्थांनी वापरलं तर कोड रिव्ह्यूत रक्त सांडतं. मराठी इथे सरळ आहे. व्याज, हितसंबंध, रस. तीन गोष्टी, तीन शब्द. 'मला या फ्लॅटमध्ये रस आहे' आणि 'माझे या फ्लॅटमध्ये हितसंबंध आहेत' यांतला फरक आपल्याकडे सातवीतल्या पोरालाही कळतो. दुसऱ्या वाक्यातला माणूस बहुधा नगरसेवक असतो.

तर 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे हितसंबंध नसलेला आणि 'अनइंटरेस्टेड' म्हणजे रस नसलेला, असं शाळेतले आणि स्पर्धा परीक्षांच्या क्लासमधले सर सांगतात. उदाहरणही ठरलेलं असतं. पंच डिसइंटरेस्टेड असावा, अनइंटरेस्टेड नसावा. एका बाजूचा असेल तर सामना वाया, आणि बॉल पडताना जांभई देत असेल तरीही वाया.

उदाहरण चांगलं आहे, पण मला त्याहून आवडतं ते जेन ऑस्टिनचं. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) या कादंबरीत धाकटी बहीण लिडिया विकम नावाच्या अधिकाऱ्याबरोबर पळून जाते. मोठी बहीण जेन स्वभावाने इतकी भली, की कुणाबद्दल वाईट विचार करणं तिला जमतच नाही. ती एलिझाबेथला पत्रात कळवते, की निदान विकमची निवड डिसइंटरेस्टेड तरी आहे. आता हा शब्द आजच्या सर्रास अर्थाने वाचा. मुलीला घेऊन रातोरात पळालेला माणूस, आणि त्याला तिच्यात रस नाही? काहीच लागत नाही. जेनला म्हणायचंय वेगळंच. आपल्या वडिलांकडे द्यायला काही नाही हे विकमला ठाऊक असणार, तरी तो तिला घेऊन गेला, म्हणजे पैशासाठी नाही गेला. इथला इंटरेस्ट हुंड्याच्या अंगाचा आहे. पुढे कळतं की विकमला लग्नाला उभं करण्यासाठी डार्सीला त्याची हजार पौंडांहून जास्त कर्जं फेडावी लागली, लिडियाच्या नावावर आणखी हजार ठेवावे लागले, सैन्यातली जागा विकत घेऊन द्यावी लागली. जेनने भाबडेपणाने वापरलेला शब्द शंभरेक पानांत उलटतो. ज्याला तिच्यात रस नव्हता आणि हितसंबंध मात्र पुरेपूर होता, अशा माणसाला तिने नेमकं उलट विशेषण लावलं होतं. हे वाचताना शब्दाचा अर्थ माहीत नसेल तर ऑस्टिनचा सगळा टोमणा हवेत जातो.

इथपर्यंत मी अगदी सरांच्या बाजूने होतो. मग इतिहास वाचला आणि पायाखालची फरशी सरकली.

'डिसइंटरेस्टेड'चा सगळ्यांत जुना सापडलेला वापर सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे, कवी जॉन डनच्या गद्यातला. तिथे अर्थ आहे, रस नसलेला, बेफिकीर. म्हणजे ज्याला आपण चूक म्हणतो तो. निःपक्षपाती हा अर्थ साधारण १६५९पासून दिसतो. आणि 'अनइंटरेस्टेड'? तो सुरुवातीला निःपक्षपाती या अर्थाने यायचा, रस नसलेला हा अर्थ त्याला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चिकटला. दोन भाडेकरूंनी खोल्यांची अदलाबदल केली आणि नंतरच्या पिढीने दारावरच्या नव्या पाट्या पुरातन समजून त्यांचं रक्षण सुरू केलं. विसाव्या शतकात इंग्रजीचे कडवे शिक्षक या शब्दासाठी जे भांडले, त्यांच्या पायाखालची जमीन अशी आहे. माझ्या लीडने नकळत जॉन डनचं इंग्रजी लिहिलं होतं.

मग भांडण सोडून द्यायचं का? शब्दापुरतं बोलायचं तर मी सोडून दिलं आहे. कुणी 'डिसइंटरेस्टेड' चुकीचा वापरला म्हणून चारचौघांत दुरुस्त करणारा माणूस मला आवडत नाही. तसा मी स्वतः दोन महिने होतो, मित्रांना विचारा. पण त्या शब्दाने मधल्या दोनशे वर्षांत जे काम केलं, ते काम करायला आता कोण आहे, हा प्रश्न उरतो.

ते काम काय होतं, हे कायद्यात स्वच्छ दिसतं. १८५२ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर डाइम्स विरुद्ध ग्रँड जंक्शन कॅनॉल हा खटला आला. एका जमीनमालकाचं कालव्याच्या कंपनीशी भांडण होतं आणि देशातले सर्वांत वरचे न्यायाधीश, लॉर्ड चॅन्सलर कॉटनहॅम, यांनी कंपनीच्या बाजूने आदेश दिला होता. नंतर कळलं की लॉर्डसाहेबांकडे त्याच कंपनीचे शेअर होते. हजारो पौंडांचे. निकाल रद्द झाला. गंमत अशी की रद्द करणाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं, शेअरमुळे कॉटनहॅम यांच्या मनावर तिळभर परिणाम झाला असं कुणीच मानत नाही. तरीही रद्द. माणूस प्रामाणिक आहे की नाही हा प्रश्नच नव्हता, इंटरेस्ट आहे की नाही एवढाच होता.

आपल्याकडेही १९६९चा क्रायपाक खटला आहे. भारतीय वनसेवेच्या निवड मंडळात एक असा अधिकारी बसला होता जो स्वतःच उमेदवार होता. स्वतःचं नाव आलं तेव्हा तो उठून बाहेर गेला, पण ज्यांच्याशी त्याची स्पर्धा होती त्यांची नावं आली तेव्हा खुर्चीत होता. सर्वोच्च न्यायालयाने निवड रद्द केली. मला यातलं ते उठून बाहेर जाणं फार ओळखीचं वाटतं. आपण सगळेच नेमके आपलं नाव येतं तेवढ्यापुरतेच बाहेर जातो.

आता समीक्षेकडे. 'डिसइंटरेस्टेड'ला साहित्यात मोठी खुर्ची दिली ती मॅथ्यू अर्नल्डने, १८६४ साली लिहिलेल्या 'द फंक्शन ऑफ क्रिटिसिझम अॅट द प्रेझेंट टाइम' या निबंधात. समीक्षेचा नियम एका शब्दात सांगायचा तर तो कोणता, असं विचारून त्याने उत्तर दिलं, डिसइंटरेस्टेडनेस. त्याची तक्रार होती की त्या काळच्या इंग्लंडमधलं प्रत्येक नियतकालिक कुठल्या तरी पक्षाचं किंवा पंथाचं मुखपत्र आहे. एक व्हिग मंडळींचं, एक टोरींचं, एक वेगळ्या चर्चवाल्यांचं. पुस्तक चांगलं की वाईट हे आधी 'आपल्याला' काय सोयीचं यावरून ठरतं. मराठी वाचकाला हे वाचताना परकं वाटण्याचं कारण नाही.

पण अर्नल्ड म्हणजे वर ढगात बसून निकाल देणारा माणूस, असं समजून मी तो निबंध उघडला आणि मध्येच एका ठिकाणी थबकलो. दोन राजकारणी भाषणांत सांगत फिरतायत की आमच्या अँग्लो-सॅक्सन वंशासारखा वंश नाही, आमच्या सुखी इंग्लंडसारखा देश नाही. अर्नल्ड त्यांच्याशी वाद घालत नाही. तो वर्तमानपत्रातली एक छोटी बातमी शेजारी आणून ठेवतो. नॉटिंगहॅमच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमातून रॅग आडनावाची एक मुलगी आपल्या अनौरस बाळासह बाहेर पडली. बाळ नंतर टेकडीवर गळा दाबलेलं सापडलं. मुलगी कोठडीत आहे. बस. एवढी बातमी. मुलीचं पहिलं नावही दिलेलं नाही, नुसतं आडनाव उरलं आहे, हेही तो बघतो.

ही जागा वाचल्यावर या विशेषणाचा अर्थ मला पहिल्यांदा नीट कळला. कुठल्याच पक्षाचा नसलेला हा माणूस ती चार ओळींची बातमी इतक्या बारकाईने वाचतो, की गळालेलं पहिलं नावही त्याच्या नजरेतून सुटत नाही. त्याचा हितसंबंध शून्य आहे आणि रस शंभर टक्के. ही जोडी असू शकते, हे सांगणारा एक शब्द इंग्रजीत होता.

मराठीत काय आहे? मी बसून यादी केली. निःपक्षपाती, निःस्वार्थी, निरपेक्ष, तटस्थ, अलिप्त. यांतला 'तटस्थ' मला चित्रासाठी आवडतो. तीरावर उभा असलेला. पुरात नाही, पण पूर बघतो आहे. जुन्या मराठीत 'तटस्थ' म्हणजे थक्क होऊन जागच्या जागी थांबलेला, असाही अर्थ होता. म्हणजे तो तीरावरचा माणूस नुसता सुरक्षित नव्हता, समोरचं पाहून त्याचे पाय थिजले होते. आज मात्र 'तो तटस्थ राहिला' असं म्हटलं की कुंपणावर बसलेला, शेपूट घातलेला माणूस डोळ्यांसमोर येतो.

एक शब्द अनपेक्षितपणे हाती लागला, 'निर्व्याज'. संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, कपट. व्याजोक्ती, व्याजस्तुती या अलंकारांत तो अजून त्या अर्थाने जिवंत आहे. निर्व्याज प्रेम म्हणजे आत दुसरा हेतू नसलेलं प्रेम. पण व्याजाचा बँकेतला अर्थ मनात धरून वाचलं, तर निर्व्याज म्हणजे अक्षरशः इंटरेस्ट-फ्री! दोन भाषांमध्ये योगायोगाने लागलेली ही टाळी मला इतकी आवडली की मी ऑफिसात व्हाइटबोर्डवर लिहून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पुसून तिथे स्प्रिंटचं वेळापत्रक लिहिलं. जेनला विकमबद्दल जे म्हणायचं होतं ते मराठीत एका शब्दात येतं: निर्व्याज निवड. फक्त हा शब्द प्रेमाला आणि हसण्याला चालतो, समीक्षकाला लावला तर तो तान्हं बाळ वाटेल.

आणि मग 'उदासीन'. मुळात उद् आणि आस्. वर, बाजूला बसलेला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजमंडलाचा हिशेब आहे: शत्रू, मित्र, मध्यम आणि उदासीन. यातला उदासीन राजा दुबळा नाही की खिन्नही नाही. तो भांडणाच्या बाहेर आहे आणि इतका बलवान आहे की कुणालाही मदत करू शकतो किंवा दाबू शकतो. गीतेतही हा शब्द गुण म्हणून येतो. बाराव्या अध्यायात भक्ताची जी लक्षणं सांगितली आहेत त्यांत उदासीन असणं आहे, आणि नवव्यात तर ईश्वर स्वतःला तसा म्हणवतो. म्हणजे आपल्याकडे हा शब्द होता. नुसता होता असं नाही, देवाला लावला जात होता.

आज? वर्तमानपत्र उघडा. खड्ड्यांबाबत प्रशासन उदासीन. लसीकरणाबाबत पालक उदासीन. मतदानाबाबत शहरी मतदार उदासीन. शेजारच्या 'उदास'ने त्याला आपल्याकडे ओढलं ते वेगळंच. जी खुर्ची कौटिल्याने सर्वांत ताकदवान राजाला दिली, तिच्यावर आता पाण्याच्या टाकीची तक्रार फायलीत घालून चहाला गेलेला कारकून बसला आहे.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. इंग्रजीत लॅटिनमधून आलेला एक शब्द आणि मराठीत संस्कृतातून आलेला एक शब्द, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि दोघेही घसरत त्याच खड्ड्यात. (इंग्रजीवाला तिथूनच निघाला होता आणि परत तिथे आला, हे मी वर कबूल केलंच आहे.) माझा अंदाज असा की घसरण शब्दाची नसून आपल्या माणसावरच्या विश्वासाची आहे. ज्याचा एखाद्या गोष्टीत काही फायदा नाही, तो तिच्याकडे लक्ष का देईल? आपल्याला हे खरंच वाटत नाही. म्हणून 'हितसंबंध नाही' असं ऐकलं की कान आपोआप 'रस नाही' असं ऐकतात. आणि उलट, कुणी फार रस घेतोय असं दिसलं की पहिला प्रश्न येतो, याचं यात काय आहे?

आमच्या कोड रिव्ह्यूत हे रोज दिसतं. कुणी आठशे ओळींचा बदल रिव्ह्यूला टाकतो आणि दोन मिनिटांत त्याच्याखाली 'एलजीटीएम' येतं. मला ठीक वाटतंय, पुढे जा, एवढाच त्याचा अर्थ. हा अनइंटरेस्टेड रिव्ह्यू. दुसरा प्रकार, ज्याने मागच्या वर्षी तीच लायब्ररी सुचवली होती आणि ती नाकारली गेली होती, तो चाळीस शेरे लिहितो. सगळे तांत्रिक, सगळे बरोबर, आणि सगळ्यांच्या मुळाशी मागचं वर्ष. तिसरा प्रकार मी आठ वर्षांत दोनच माणसांत पाहिला. त्यातली एक आमच्या आधीच्या टीममधली सीनियर. तिचा त्या मोड्यूलशी काही संबंध नसायचा. ती ओळ न् ओळ वाचायची आणि साठाव्या ओळीवर विचारायची, "इथे युजर ऑफलाइन असेल तर?" त्या प्रश्नातून तिला काही मिळायचं नाही. अप्रेझलमध्ये 'दुसऱ्यांच्या कामावर जास्त वेळ घालवते' असा शेरा मात्र मिळाला होता.

तरी या विशेषणाचं मी सरसकट गुणगान करणार नाही, कारण त्याच्या नावावर काही पापंही आहेत. कांटने १७९०च्या ग्रंथात सौंदर्याच्या आनंदाला हेच लक्षण लावलं, आणि रा. भा. पाटणकरांमुळे तो विचार मराठी सौंदर्यशास्त्रात नीट मुरला. कांटचं उदाहरण राजवाड्याचं आहे. राजवाडा सुंदर आहे का असं मला विचारलं, तर श्रीमंतांच्या चैनीसाठी लोकांचा घाम गाळला असं मी म्हणू शकतो, आणि ते खरंही असेल, पण विचारलं ते नव्हतं. तर्क म्हणून पटतं. पण घाम ज्याच्या बापाचा गळला आहे त्याने काय करायचं? त्याला राजवाडा बघताना बाप बाजूला ठेवता येत नाही, म्हणून त्याची रसिकता कमी का? दलित साहित्य आलं तेव्हा प्रस्थापित समीक्षेची तटस्थता नेमकी इथे उघडी पडली. स्वतःच्या हितसंबंधांना जे नावच देत नाहीत, त्यांना आपण तटस्थ आहोत असं वाटणं सोपं असतं. शरणकुमार लिंबाळ्यांना 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' हे वेगळं पुस्तक लिहावं लागलं ते उगाच नाही.

पण त्याच इतिहासात एक दुसरी गोष्टही आहे. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची होती. तेंडुलकरांचं त्या जगाशी नातं नव्हतं. अनेक शब्द त्यांना कळत नव्हते. त्यांनी ते ढसाळांना विचारले, त्यांच्याबरोबर तो भाग फिरून पाहिला, आणि आपल्याला काय कळत नाही हे प्रस्तावनेत लपवलं नाही. बाहेरचा माणूस, पण तीरावर हात बांधून उभा राहिला नाही. अर्नल्डने ज्या गोष्टीला नाव दिलं ती करून दाखवायची तर ती अशी दिसत असावी.

आता माझं प्रकरण. ते टाळलं तर वरचं सगळं लिहिण्याचा मला अधिकार नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या हॉस्टेलच्या रूममेटचा पहिला कथासंग्रह आला. चार वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो, एका डब्यात जेवलो, त्याच्या कथांचे पहिले खर्डे मी रात्री दोन वाजता वाचले आहेत. त्याने विचारलं, "भावा, लिहिशील ना काहीतरी?" मी लिहिलं. हजार शब्द. संग्रहातल्या चार कथा खरोखर चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल आठशे शब्द लिहिले. शेवटची लांब कथा मला कधीच आवडली नव्हती. त्यातली आई म्हणजे फक्त रडण्यासाठी ठेवलेली बाई आहे, हे मी त्याला खर्ड्याच्या वेळीच बोललो होतो. लेखात त्या कथेला मी 'महत्त्वाकांक्षी' म्हटलं. हा शब्द मराठी परीक्षणात कशासाठी वापरतात ते तुम्हाला माहीत आहे. आणि ऋणनिर्देशात माझं नाव आहे, हे मी लिहिलं नाही. तेवढ्यापुरता उठून बाहेर गेलो.

आमच्या टीममध्ये एक नवीन मुलगा आला होता, लातूरकडचा. पहिला पगार झाल्यावर त्याने माझा लेख वाचून ते पुस्तक मागवलं. एक दिवस जेवताना म्हणाला, "दादा, शेवटची गोष्ट तुम्हाला खरंच आवडली का? मला वाटलं, मलाच कळली नाही." मी म्हणालो, जरा अवघड आहे ती. तो म्हणाला, "हो, परत वाचतो."

त्याने ती परत वाचली. ते मला अजून टोचतं. त्याला कथा कळली होती. माझ्या एका विशेषणामुळे त्याला वाटलं की कळली नाही. मराठीत आपण सगळे एकमेकांच्या ओळखीचे आहोत, पुस्तकाच्या पाचशे प्रती खपल्या तरी पेढे वाटतो, अशा ठिकाणी डॉक्टरी काटेकोरपणा कसा आणणार, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. ते खोटंही नाही. लहान भाषेत हितसंबंध नसलेला वाचक शोधायचा तर बहुतेक परदेशातूनच आणावा लागेल. पण त्या मुलाने पुस्तकाला अडीचशे रुपये दिले होते आणि तो आमच्यापैकी कुणाच्याच ओळखीचा नव्हता. पुढे मी त्याला खरं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "मग लिहिलं का नाही तसं?" मी डबा धुवायला गेलो.

गेल्या महिन्यात रूममेटच्या दुसऱ्या पुस्तकाची पीडीएफ आली. यावेळी कादंबरी. मी तिसऱ्यांदा वाचतोय. मार्जिनमध्ये सत्तरेक शेरे झालेत. आई या वेळी बरीच बरी जमली आहे, मधली पन्नास पानं काढायला हवीत. परवा रात्री त्याला मेसेज केला, की शेरे सगळे पाठवतो, फोनवर दोन तास बोलू, पण परीक्षण मी लिहिणार नाही, दुसऱ्या कुणाला तरी सांग, ज्याला तू माहीत नाहीस.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. मग बराच वेळ काही नाही. मग त्याचं उत्तर आलं.

"म्हणजे तुला इंटरेस्ट नाही?"

मी लिहायला लागलो, खोडलं, परत लिहायला लागलो. त्याच्या स्क्रीनवर वरती 'टायपिंग' दिसत असणार.